सव्वादोन लाख किलोमीटरनंतरचे पासिंग

माझ्याकडे 2010 सालची मारुती स्विफ्ट व्हीडीआय आहे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सातारच्या परिवहन कार्यालयात तिची नोंदणी झाली आणि 2025 उजाडले तेव्हा मीटरवर 2,18,000 किलोमीटरचा आकडा होता. पंधरा वर्षांची मुदत 2025 च्या नोव्हेंबरात संपणार असल्यामुळे गाडी विकायची की पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण करायचे, हा प्रश्न घरात आधीच्या दिवाळीपासूनच निघाला होता. विकायला गेल्यास हातात येणाऱ्या रकमेत नव्या गाडीचे डाऊन पेमेंटही सुटत नव्हते, आणि मुलीच्या शिक्षणाचा खर्च चालू असताना आणखी एक हप्ता अंगावर घेण्याची माझी तयारी नव्हती. म्हणून आम्ही ₹75,000 बाजूला काढले आणि या रकमेत गाडी पासिंगसाठी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे घाटात निर्धास्तपणे चालवण्यासाठी, तयार करायची असे ठरवले.

जानेवारीत पुण्याहून परत येताना खंबाटकी घाटात गाडीने अचानक दम सोडला. तिसऱ्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही वेग चाळिशीच्या वर जाईना, मागच्या काचेतून काळ्या धुराचा लोट दिसू लागला आणि बॉनेटखालून शिट्टीसारखा बारीक आवाज येऊ लागला. ट्रकांच्या रांगेत दुसऱ्या गियरवर घाट चढून कसाबसा घरी पोहोचलो. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. तेथे स्कॅनर लावून अर्ध्या तासात मला सांगण्यात आले की टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा भाग, निकामी झाला आहे, तो पूर्ण बदलावा लागेल आणि मजुरीसह खर्च ₹46,000 येईल. म्हणजे पंचाहत्तर हजारांपैकी निम्म्याहून अधिक रक्कम पहिल्याच फटक्यात संपणार होती. टर्बो गेला हे कशावरून ठरवले, असे मी विचारले तेव्हा स्कॅनरमध्ये हवेचा दाब कमी दाखवतो आहे, एवढेच उत्तर मिळाले. दाब कमी होण्याचे टर्बो हे एक कारण असू शकते, पण एकमेव नव्हे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते; उत्तर अपुरे आहे एवढे मात्र जाणवले.

गाडी तशीच सावकाश चालवत मी आमच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी धूर पाहिला, डिपस्टिक काढून ऑइलची पातळी पाहिली आणि म्हणाले, "सर, टर्बो गेला असता तर गाडीनं ऑइल खाल्लं असतं आन् निळा धूर सोडला असता. हा काळा धूर हाय. म्हंजे डिझेल पुरतंय, हवा पुरंना." मग त्यांनी मला ॲक्सिलरेटर दाबायला सांगितले आणि स्वतः टर्बोपासून, दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणाऱ्या जाड रबरी होसच्या खालच्या अंगावरून हात फिरवत नेला. एका जागी त्यांचा हात थांबला. बाहेर काढला तेव्हा बोटांवर ऑइलचा काळसर, पातळ थर होता. होस काढून उलटा केला तेव्हा क्लिपच्या जवळ बोटभर लांबीची चीर दिसली. वरून पाहिले तर काहीच कळत नव्हते, पण आतून दाब दिला की ती माशाच्या तोंडासारखी उघडत होती. टर्बोने दाबलेली हवा इंजिनात पोहोचण्याआधीच त्या चिरेतून निसटत होती, इंजिन मात्र हवा पूर्ण मिळते आहे असे धरून डिझेल सोडत होते. नवा होस, दोन क्लिपा आणि मजुरी मिळून ₹2,400 झाले. मिस्त्रींनी दोष शोधण्याचे वेगळे पैसे मागितले नव्हते, तरी मी आग्रहाने ₹300 जादा दिले, कारण त्या दिवशी माझे खरे पैसे वाचले ते त्या अर्ध्या तासात.

या प्रसंगानंतर मी स्वतःपुरता एक नियम केला, की कोणताही भाग बदलण्याआधी तो खराब आहे हे मला डोळ्यांनी दिसले पाहिजे किंवा एखाद्या मापाने कळले पाहिजे. वर्षभराचा हिशेब एका वहीत ठेवला आणि कामांचा क्रम लावताना गाडी थांबवणाऱ्या आणि रस्ता धरणाऱ्या गोष्टी आधी, इंजिन वाचवणाऱ्या त्यानंतर आणि सोयीच्या सर्वात शेवटी, असे ठेवले. टचस्क्रीनची मुलीची मागणी या क्रमात अर्थातच शेवटी गेली आणि तिथेच राहिली.

ब्रेकचे काम लवकर उरकले. पुढच्या डिस्कचे पॅड, मागच्या ड्रमचे शू आणि ब्रेक ऑइल बदलले. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे लांबच्या उतारावर ते उकळून पेडल मऊ पडू शकते. मी ते चार वर्षे बदलले नव्हते, ही माझी चूक. त्याच वेळी डाव्या पुढच्या कॅलिपरची (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाची) पिन गंजून अडकल्याचे आढळले. ते चाक नेहमी थोडे गरम लागत असे आणि मी ते उन्हावर ढकलत आलो होतो. सस्पेन्शनमध्ये दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड आणि वरची माउंटिंग बदलावी लागली. शॉकअप मात्र गळत नव्हते, म्हणून तसेच ठेवले. दोन्ही कामांचा खर्च ₹14,000 झाला.

ॲव्हरेजचे कोडे अधिक रंजक होते. हायवेवर एके काळी लिटरला 20 देणारी गाडी 16 वर आली होती आणि अडकलेली पिन सोडवल्यावर ती 17 पर्यंतच गेली. एकदा हिवाळ्यातल्या पहाटे कोरेगावला जाताना माझे लक्ष तापमानाच्या काट्याकडे गेले, तर अर्धा रस्ता संपला तरी तो मधोमध येत नव्हता आणि उतारावर पुन्हा खाली जात होता. गाडी गरम होत नाही याचे आपल्याला उगाच समाधान वाटत असते. प्रत्यक्षात इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा थर्मोस्टॅट उघडा अडकला होता, त्यामुळे कूलंट सतत रेडिएटरमधून फिरत होते आणि इंजिन थंडच आहे असे समजून प्रणाली जास्त डिझेल देत होती. थर्मोस्टॅट आणि नवे कूलंट मिळून ₹3,300 लागले आणि ॲव्हरेज 19 वर आले. जुने कूलंट काढले तेव्हा ते चहासारखे तांबूस निघाले, कारण मधल्या काळात कुणीतरी, बहुधा मीच, त्यात नळाचे पाणी भरले होते.

सर्वात मोठे आणि सर्वात धाकधुकीचे काम टायमिंग चेनचे, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणाऱ्या साखळीचे, होते. या स्विफ्टमधले 1248 सीसीचे डिझेल इंजिन मूळचे फियाटचे, आणि तेच इंजिन पुंटो, लिनिया, इंडिका व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत असल्यामुळे मारुतीने 2020 मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या तरी त्याचे सुटे भाग अजून सहज मिळतात. त्यात बेल्ट नसून चेन आहे आणि चेन आयुष्यभर टिकते असे मी वर्षानुवर्षे ऐकत आलो होतो. ते अर्धेच खरे आहे. चेनचा ताण राखणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल जुने होऊन घट्ट झाले किंवा पातळी उतरली की चेनला झीज लागते. लॉकडाऊनच्या काळात गाडी फारशी फिरली नाही म्हणून मी दीड वर्ष तेच ऑइल ठेवले होते. आता सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू केली की दोन-तीन सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखी खळखळ ऐकू येई आणि मग आवाज बंद होई. चेनने दात सोडला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि तो खर्च माझ्या एकूण मर्यादेत बसला नसता.

आमच्या मिस्त्रींनी हे काम स्वतः घेतले नाही. या इंजिनची चेन बसवताना क्रँक आणि कॅम जागेवर धरून ठेवणारी लॉकिंगची अवजारे लागतात आणि ती त्यांच्याकडे नव्हती. खुणा करून काम भागवणारे पुष्कळ आहेत, असे ते म्हणाले, पण त्यांनी मला ज्याच्याकडे अवजारे आहेत अशा दुसऱ्या कारागिराकडे पाठवले. हातातले गिऱ्हाईक सोडणारा मिस्त्री मला विरळाच वाटतो. त्या गॅरेजात दोन दिवस गाडी उघडी होती. जुनी चेन निघाल्यावर कारागिराने नवी आणि जुनी एकाच खिळ्याला टांगली. जुनी चार-पाच मिलिमीटर खाली लोंबत होती. मग त्याने दोन्ही आडव्या धरल्या, तेव्हा नवी फळीसारखी सरळ राहिली आणि जुनी वाकलेल्या वेलासारखी कललीच. चेन, टेन्शनर, गाइड, स्प्रॉकेट, ऑइल, फिल्टर आणि मजुरी असे एकूण ₹14,500 झाले. चेनसोबत टेन्शनर आणि गाइड न बदलता दोन-तीन हजार वाचवता आले असते, पण सगळे उघडण्याची मजुरीच मोठी असताना ती काटकसर मला पटली नाही. त्याच वेळी धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा, काजळीने भरलेला ईजीआर व्हॉल्व्ह साफ करून घेतला. तो पत्री लावून कायमचा बंद करा, गाडी पळेल, असा सल्ला तिथे मिळाला. मी नकार दिला, कारण नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करण्यासाठीच तो भाग बसवलेला आहे, आणि आमच्या गल्लीत रोज सकाळी त्याच धुरात मुले रिक्षाची वाट पाहत उभी असतात.

सुधारणा म्हणता येईल अशा दोनच गोष्टी मी केल्या. पहिली टायरची. मूळचे टायर 165/80 आर 14 मापाचे होते आणि त्यांच्या कडेवरचे बनावटीच्या तारखेचे चार आकडी शिक्के पाहिले तर दोन टायर सात वर्षांचे निघाले. नक्षी शिल्लक असूनही रबर दगडासारखे झाले होते. त्यांच्या जागी 185/70 आर 14 घेतले. मूळ टायरचा व्यास सुमारे 620 मिलिमीटर आणि नव्याचा 615 येतो, म्हणजे फरक एक टक्क्याहूनही कमी असल्यामुळे स्पीडोमीटर फारसा बिघडला नाही, आणि दोन्ही 14 इंची असल्यामुळे रिमही तीच राहिली. पावसात वळणावर पकड वाढल्याचे जाणवते, स्टिअरिंग मात्र थांबलेल्या गाडीत किंचित जड लागते. अलाइनमेंटसह ₹19,600 गेले.

दुसरी हेडलाइटची. पिवळट झालेल्या काचा मी घरीच पाणी मारत आधी 1000, मग 1500 आणि 2000 नंबरच्या पॉलिश पेपरने घासल्या आणि वर संरक्षक लेप दिला. तरी उजेड पुरेना. मित्राचा मल्टिमीटर आणून गाडी चालू ठेवून मोजले, तर बॅटरीवर 13.8 व्होल्ट आणि बल्बच्या सॉकेटवर फक्त 11.6 निघाले. पंधरा वर्षांच्या स्विचमधून आणि तारांमधून बाकीचे वाटेतच गळत होते. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने घटतो, त्यामुळे एवढ्या घसरणीत तो जवळजवळ निम्म्यावर येतो. दुकानदार 100 वॅटचे बल्ब देत होता. मी 60/55 वॅटचेच ठेवले आणि बल्बला बॅटरीतून थेट वीज देणारी रिलेची स्वतंत्र वायरिंग बसवली. आता सॉकेटवर 13.3 मिळतात. हॅलोजनसाठी बनलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बसवून समोरच्याचे डोळे दिपवणाऱ्यांविषयी मला जे वाटते ते येथे न लिहिलेले बरे.

पासिंगचे काम त्या मानाने सरळ होते. मुदत संपण्यापूर्वी साठ दिवसांच्या आत अर्ज करता येतो, त्यामुळे सप्टेंबरअखेर ऑनलाइन 25 नंबरचा फॉर्म भरून ₹5,000 शुल्क आणि पर्यावरण कर भरला. विमा चालू होता. उच्च सुरक्षा नंबर प्लेट ₹745 अधिक कर देऊन उन्हाळ्यातच बसवून घेतली होती. पीयूसीच्या वेळी धुराचे माप 65 च्या मर्यादेत 38 आले. होस फाटलेला असताना मी ही चाचणी करून पाहिली असती तर काय आकडा आला असता, याची उत्सुकता अजून आहे. कार्यालयाच्या मैदानात निरीक्षकांनी चेसिस नंबर ताडून पाहिला, दिवे, हॉर्न, वायपर आणि हँडब्रेक तपासले, टायरवर एक नजर टाकली आणि मागचा डावा इंडिकेटर लागत नसल्याचे दाखवून दिले. बल्ब सकाळपर्यंत ठीक होता. बाहेरच्या टपरीवरून ₹20 चा बल्ब आणून तिथेच बसवला आणि पुन्हा रांगेत उभा राहिलो. पंधरवड्याने नोंदणी 2030 पर्यंत वाढल्याचे दिसले.

वहीतल्या हिशेबाप्रमाणे पंचाहत्तर हजारांपैकी सुमारे आठ हजार शिल्लक आहेत. मीटर 2,27,000 वर आहे आणि क्लच आता पेडल बरेच वर आल्यावर धरू लागला आहे. क्लच प्लेटचे काम उन्हाळ्याच्या सुट्टीत करायचे, असे वहीच्या पुढच्या पानावर लिहून ठेवले आहे. त्यापुढे कंसात मुलीने तिच्या अक्षरात "टचस्क्रीन" असेही लिहिले आहे.