लोकसभेकडे अर्ज करताना: माझा अनुभव

निवृत्तीनंतर आम्ही सात-आठ जण आठवड्यातून एकदा वाचनासाठी जमतो, आणि बहुतेक वेळा पुस्तक बाजूला राहून गाडी एकाच ठिकाणी येऊन थांबते: तेच चेहरे, तीच घराणी, बदलतात ते फक्त पक्ष. लोकसभेच्या मागच्या निवडणुकीनंतर अशाच एका बैठकीत मी म्हणाले, की दर आठवड्याला हे एकमेकांनाच ऐकवण्यापेक्षा ज्यांनी ऐकायला हवे त्यांना लेखी कळवावे. सर्वांनी माना डोलावल्या आणि काम अर्थातच माझ्या गळ्यात पडले.

नागरिकाला थेट लोकसभेकडे अर्ज करता येतो, हे चाळीस वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकवूनही मला नीट ठाऊक नव्हते. लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांत त्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. सार्वजनिक हिताच्या विषयावर अर्ज करता येतो, मात्र तो विषय न्यायालयात प्रलंबित नसावा आणि राज्याच्या विधिमंडळात मांडण्याजोगा नसावा. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत हवा. अन्य भारतीय भाषेत केल्यास त्याला यांपैकी एका भाषेतील, अर्जदाराच्या सहीचे भाषांतर जोडावे लागते. तो दाखल करून घ्यायला अध्यक्षांची संमती लागते आणि पुढे तो याचिका समितीकडे जातो. या समितीवर किमान पंधरा सदस्य असतात आणि मंत्र्याला तिच्यावर बसता येत नाही.

माझा पहिला मसुदा चार पानांचा होता. त्यात ‘धंदेवाईक’ हा शब्द पाच वेळा आणि ‘सत्तापिपासू’ तीन वेळा आला होता, शिवाय मागे अकरा कात्रणांची पुरवणी होती. नियम पुन्हा वाचले तेव्हा कळले की भाषा आदरयुक्त व संयत हवी, अर्जाला कोणतेही कागद जोडता येत नाहीत आणि अर्जाच्या शेवटी आपल्याला नेमके काय हवे ते सांगणारी ‘प्रार्थना’ असलीच पाहिजे. कात्रणे गेली, विशेषणे गेली, तेव्हा चार पानांतून सव्वा पान उरले. त्या सव्वा पानात मागणी कुठेच नव्हती, हे लक्षात आल्यावर मी खरोखर ओशाळले. इतकी वर्षे आम्ही नेमके कशासाठी चिडलो होतो, ते एका वाक्यात लिहिण्याची वेळच आमच्यावर आली नव्हती.

पहिली सूचना सर्वांच्या तोंडी एकच होती: खासदाराला दोनपेक्षा अधिक वेळा निवडणूक लढवू देऊ नये. मीही तसेच लिहून टाकले असते, पण आमच्यातील नाना हे राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, आणि त्यांनी विचारले, “बाई, तिसऱ्या वेळी कोण उभे राहील, याचा विचार केलात का?” मग त्यांनी फिलिपिन्सचे उदाहरण दिले. तेथील १९८७ च्या संविधानाने प्रतिनिधीगृहाच्या सदस्याला सलग तीन कार्यकाळांची मर्यादा घातली. परिणाम असा झाला, की मर्यादा संपली की जागा पत्नीकडे, मुलाकडे किंवा भावाकडे द्यायची आणि एका कार्यकाळानंतर हवी तर परत घ्यायची. त्याच संविधानात राजकीय घराणेशाहीला मनाई करणारे कलमही आहे, पण घराणेशाही म्हणजे काय हे ठरवणारा कायदा तेथील खासदारांनीच करायचा असल्यामुळे तो वर्षानुवर्षे रखडत राहिला. मेक्सिकोत १९३३ पासून २०१४ च्या घटनादुरुस्तीपर्यंत खासदाराला लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून येता येत नसे. पुढचे पद पक्षश्रेष्ठींच्या मर्जीवर अवलंबून असल्याने त्याला मतदाराची फारशी फिकीर उरत नसे. आपल्याकडे वेगळे काही घडेल, असे छातीठोकपणे म्हणायला आमच्यापैकी कोणीही तयार होईना.

दोन आठवडे आम्ही यावर भांडलो, आणि शेवटी प्रश्न उलटा करून पाहिला. माणूस किती वर्षे खासदार आहे यापेक्षा त्या वर्षांत सभागृह किती दिवस बसले, हे का विचारू नये? पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या, म्हणजे वर्षाला सरासरी १३५. २०१९ ते २०२४ या काळातील सतराव्या लोकसभेच्या झाल्या २७४, म्हणजे वर्षाला सुमारे ५५. दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून अधिक अंतर नसावे, एवढेच संविधानाचा अनुच्छेद ८५ सांगतो. किती दिवस बसावे याबद्दल तो काही बोलत नाही, आणि अधिवेशन कधी बोलवायचे हे प्रत्यक्षात सरकारच ठरवते. ज्यांना जाब विचारायचा, त्यांनीच विचारणाऱ्यांचे वेळापत्रक आखावे, असा हा प्रकार आहे. राज्यघटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या, न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००२ मध्येच लोकसभेसाठी वर्षाला किमान १२० आणि राज्यसभेसाठी किमान १०० बैठकांची शिफारस केली होती. आम्ही तीच उचलली. सतराव्या लोकसभेला पाच वर्षांत उपाध्यक्षच मिळाला नाही, तेही लिहा, असा एका सदस्याचा हट्ट होता. मुद्दा बिनतोड असला तरी आमच्या विषयात तो बसत नव्हता, म्हणून मी तो गाळला, आणि ते गृहस्थ पुढचे दोन आठवडे आले नाहीत.

अर्ज थेट महासचिवांकडे पाठवता येतो, पण खासदाराच्या हस्ते सादर करायचा तर त्यावर त्याची प्रतिस्वाक्षरी लागते. आम्हाला तो सभागृहात सादर झालेला हवा होता. म्हणजे वर्षानुवर्षे तेच ते निवडून येतात अशी तक्रार करणारे आम्ही, वर्षानुवर्षे निवडून येणाऱ्या एकाच्याच दारात जाऊन बसलो. त्यांच्या स्वीय सहायकांनी तिसऱ्या खेपेला भेटीची वेळ दिली. खासदारांनी अर्ज शांतपणे पूर्ण वाचला, याचे मला आश्चर्य वाटले.

“वर्षाला एकशे वीस दिवस मी दिल्लीत बसलो, तर इथे काय म्हणतील ठाऊक आहे का, बाई? साहेब दिसतच नाहीत म्हणतील. लग्नाला आलो नाही, दहाव्याला आलो नाही, याचा हिशोब लोक ठेवतात. सभागृहात मी काय बोललो, हे मला आजवर एकानेही विचारलेले नाही. तुम्ही याआधी माझ्याकडे कशासाठी आला होतात?”

माझ्या भाचीच्या बदलीसाठी शिफारसपत्र मागायला मी आठ वर्षांपूर्वी आले होते. मी तसे सांगितले. ते हसले नाहीत, उपरोधाने काही बोललेही नाहीत. त्यांनी सही केली आणि सहायकांना अर्जदारांचे पत्ते पूर्ण आहेत का ते तपासायला सांगितले. दोन पत्ते अपुरे निघाले, त्यामुळे आणखी एक खेप झाली.

परतताना मी नानांशी फारसे बोलले नाही. नियमांत दिलेल्या अर्जाच्या नमुन्यातील शेवटची ओळ मात्र डोक्यात घोळत राहिली. ‘आपले अर्जदार कर्तव्यबुद्धीने सदैव प्रार्थना करीत राहतील’ अशा अर्थाची ती ओळ प्रत्येक अर्जात असते, आणि आरंभी ती मला लाचार वाटली होती.

अर्ज सादर झाला तेव्हा खासदारांनी सभागृहात एक वाक्य उच्चारले. नियमाप्रमाणे त्यावर चर्चा होत नाही. आता तो समितीपुढे आहे. समिती संबंधित मंत्रालयाचे म्हणणे मागवू शकते, अर्जदारांना बोलावू शकते आणि सभागृहाला अहवाल देते. तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, हे आम्हाला पहिल्यापासून माहीत होते.

गेल्या आठवड्यात कोणीतरी पुन्हा ‘तेच चेहरे’ म्हणून सुरुवात केली, तेव्हा नानांनी त्यांच्यापुढे कोरा कागद सरकवला आणि प्रार्थना लिहून द्यायला सांगितले. महाराष्ट्र विधानसभेचीही विनंती अर्ज समिती आहे आणि बैठकांचे दिवस तिथेही मोजण्यासारखे आहेत. त्या अर्जाचा मसुदा मी सुरू केला आहे. निदान भाषांतराचे काम या वेळी वाचेल.