आमची वाटचाल : वॉटरवॉलच्या क्राउनवरची खाच

भोसरीतील आमच्या गाळ्यात शिरले की उजव्या हाताच्या टेबलावर वॉटरवॉल ट्यूबचा, म्हणजे बॉयलरच्या फर्नेसची भिंत बनवणाऱ्या आणि आतून पाणी वाहणाऱ्या नळीचा, वीतभर तुकडा ठेवलेला दिसतो. त्याच्या आगीकडच्या बाजूवर, म्हणजे क्राउनवर, एकीखाली एक अशा बारीक आडव्या भेगा आहेत, हत्तीच्या कातडीवर असतात तशा. फर्नेसमध्ये परांचीवर उभे राहून ज्यांनी काम केले आहे, त्यांना हा तुकडा काय सांगतो ते समजावण्याची गरज पडत नाही. फर्मच्या २२ वर्षांचा वृत्तांत लिहायला बसताना मी हिशेबाच्या वह्यांआधी हा तुकडा समोर घेतला, कारण तापमान मोजण्यासाठी आम्ही काढलेल्या खाचेमुळे ट्यूब फुटली, या आमच्यावर झालेल्या आरोपाचे उत्तर त्याच्यातच आहे.

सुरुवात आम्ही दोघांनी केली. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा घेतलेला, आणि तात्या माझ्या वडिलांच्या वयाचे, बॉयलर उभारणीत हयात गेलेले आयबीआर, म्हणजे भारतीय बॉयलर नियमांप्रमाणे पात्र ठरलेले, वेल्डर. पहिली काही वर्षे हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांना के-टाइप थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोड्या, पुरवण्यात गेली. त्यावर घर चालले, एवढेच त्याबद्दल सांगण्यासारखे आहे. आमचे खरे काम सुरू झाले ते ट्यूबच्या अंगात थर्मोकपल बसवण्यापासून. तात्या आधी अल्ट्रासॉनिकने ट्यूबची जाडी मोजत, मग डाय ग्राइंडरने लांबीच्या दिशेने मिलिमीटरभराहून कमी खोलीची खाच काढत आणि दर बोटभर अंतरावर थांबून तिच्या तळावरून नख फिरवत. नख अडखळले की खाच पुन्हा घासायची. त्या खाचेत थर्मोकपलची एमआय केबल (खनिज पुडीत बसवलेल्या तारा, वरून इन्कोनेल ६०० या मिश्रधातूचे आवरण), अर्ध्या मिलिमीटर व्यासाची, बसवून वरून ब्रेझिंगने डाग द्यायचा आणि तिचे टोक दोन ट्यूबमधल्या पट्टीतून, म्हणजे फिनमधून, थंड बाजूला काढायचे. तात्यांनी बसवलेली केबल पुढच्या ओव्हरहॉलला, म्हणजे बॉयलर बंद ठेवून होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीला, जिवंत सापडायची, याचा अभिमान मला आजही आहे.

वीजकेंद्रांत इंडोनेशियाचा कोळसा जळू लागला तसे फर्नेसच्या भिंती पाण्याच्या धारेने साफ करण्याचे महत्त्व वाढले. आपल्या कोळशात राख ३५ ते ४० टक्के असली तरी ती सहसा उशिरा वितळते. इंडोनेशियाच्या कोळशात राख थोडी, पण ती लवकर मऊ होऊन भिंतीला चिकटते आणि वाफेच्या झोताने भिंत झाडणाऱ्या वॉल ब्लोअरला दाद देत नाही. चालू बॉयलरमध्ये पाण्याची धार मारली की स्लॅगचा, म्हणजे चिकटलेल्या राखेचा, थर तडकून खाली पडतो. मात्र धार जिथे थर नाही अशा उघड्या ट्यूबवर पडली, तर तोच तडाखा पोलादाला बसतो. ड्रममध्ये १५० बार दाब असताना आतले पाणी ३४२ अंशांवर असते आणि क्राउन त्याहून कितीतरी गरम. त्याचा पृष्ठभाग क्षणात १०० अंशांनी उतरला आणि आतला भाग गरमच राहिला, तर पृष्ठभागावर सुमारे ३५० मेगापास्कल ताण येतो. या ट्यूबच्या एसए २१० ग्रेड सी पोलादाची किमान यील्ड मर्यादा, म्हणजे जिच्यापुढे पोलाद कायमचे ताणले जाते ती, २७५ मेगापास्कल आहे. दर पाळीत एकदा असे घडत गेले तर वर्षभरात काय होईल, हे सांगायला नको.

एका किनारी वीजकेंद्रात आम्ही हे मोजत होतो. कंट्रोल रूमच्या पडद्यावर तापमानाची रेषा सरळ दिसायची, कारण तिथली नोंद सेकंदाला एक आणि तीही फरक मोठा असेल तरच. आमचा रेकॉर्डर सेकंदाला १०० नोंदी घेत होता आणि त्याच्या आलेखावर धार सरकताना पडलेला खड्डा स्वच्छ दिसत होता. आम्ही लेखी कळवले की स्वच्छ पट्ट्यांवर पाणी मारणे थांबवावे. त्या पत्राला उत्तर आले नाही.

काही महिन्यांनी आमच्या थर्मोकपलपासून हातभर अंतरावर ट्यूब फुटली. सफाईची यंत्रणा पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या प्रतिनिधीने भर बैठकीत सांगितले की या लोकांच्या खाचेमुळे ट्यूब कमकुवत झाली. त्याच्याकडे रंगीत सादरीकरण होते, माझ्याकडे आलेखांची भेंडोळी होती, आणि बैठकीत कोणाचे ऐकले गेले ते सांगायला नको. आमची बिले अडकली, नाव काळ्या यादीत गेले, बँकेने सीसी लिमिट (कॅश क्रेडिट कर्जाची मर्यादा) कमी केले. दोन गाळ्यांपैकी एक सोडला, नवे लेथ विकले, ११ माणसांची ४ झाली. तात्यांनी वर्षभर पगार घेतला नाही. खाचेवर संशय आला हे त्यांना पैशापेक्षा जास्त लागले होते आणि त्या विषयावर ते शेवटपर्यंत मोकळेपणाने बोलू शकले नाहीत.

त्या केंद्रातील बॉयलर मेंटेनन्सचे एक तरुण अभियंते मात्र स्वस्थ बसले नाहीत. पुढच्या ओव्हरहॉलमध्ये त्यांनी, आमची खाच जिथे कधीच नव्हती अशा ट्यूबचे तुकडे कापून घेऊन धातुपरीक्षणासाठी पाठवले. त्या सर्व तुकड्यांवर ऑक्साइडने भरलेल्या, पाचरीसारख्या आडव्या भेगा निघाल्या. आमची खाच उभी, लांबीच्या दिशेने. तिच्यामुळे ट्यूब दाबाने फाटली असती तर ती खाचेच्या बाजूने उभी फाटली असती. फुटलेली ट्यूबही आडवीच चिरली होती. एवढा साधा विचार त्या बैठकीत कोणी केला नाही, हे मला आजही सलते. अभियंतेसाहेबांनी अहवाल वरपर्यंत नेला, आमचे नाव यादीतून काढवले आणि पुढे दुसऱ्या केंद्रात बदली झाल्यावर पहिली ऑर्डर आम्हांलाच दिली. त्यानंतरची वर्षे कामात गेली. सोडलेला गाळाही परत घेतला.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी काही गोष्टी माझ्याकडून ऐकून ठेवाव्यात. एमआय केबल एकदा वाकवलेल्या जागी उलटी वाकवू नये. ग्राउंडेड जंक्शन, म्हणजे आवरणाला जोडलेला तारांचा सांधा, जलद प्रतिसाद देते, पण अर्थिंगचा गोंगाटही ओढून घेते, म्हणून रेकॉर्डरचे प्रत्येक चॅनेल आयसोलेटेड, म्हणजे इतरांपासून विद्युतदृष्ट्या वेगळे, असलेच पाहिजे. थर्मोकपलपासून रेकॉर्डरपर्यंत जाणारी कॉम्पेन्सेटिंग केबल ४१५ व्होल्टच्या केबलांच्या ट्रेमधून कधीही नेऊ नये, इलेक्ट्रिशियन कितीही आग्रह करो. सफाईचे वेळापत्रक घड्याळावर न ठेवता उष्णतेच्या प्रवाहावर ठेवावे, आणि प्रत्येक धारेने तापमान किती उतरले ते मोजून तिचा हिशेब त्या ट्यूबच्या नावावर लिहावा. खाच काढण्यापूर्वी आणि नंतर जाडीच्या नोंदीवर ग्राहकाची सही घ्यावी. आम्ही ती तेव्हा घेतली नव्हती.

अभियंतेसाहेब आता निवृत्तीला आले आहेत, तरी दर ओव्हरहॉलच्या आधी त्यांचा फोन येतो आणि ते प्रथम विचारतात की खाच कोण काढणार आहे. तात्यांकडे शिकलेला मुलगा ते काम करतो. तोही नख फिरवूनच तळ तपासतो. त्या किनारी केंद्राची तीन बिले अजून येणे आहेत, आणि दर मार्चला मी ती ताळेबंदात तशीच पुढे ओढतो.