पुकारूनही गैरहजर

12 जानेवारी

अण्णांची ट्रंक आज माळ्यावरून खाली आली. गेल्या श्रावणात ते गेले तेव्हापासून आजीचा धोशा होता, संक्रांतीच्या आत ती काढा, घराला रंग द्यायचाय. रंगारी येऊन दोन खोल्या रंगवून गेला तरी ट्रंक जागची हलली नव्हती. आज शाळेतून लवकर सुटले. या तारखेला आमच्याकडे जिजाऊ, विवेकानंद आणि येरवड्यात फाशी गेलेले सोलापूरचे चार हुतात्मे असे तीन कार्यक्रम एकदम येतात. सातवीतल्या एका पोराने भाषणाच्या भरात विवेकानंदांनाच येरवड्यात फासावर चढवलं. हसू दाबता दाबता मुख्याध्यापकांचीही पंचाईत झाली.

मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. ही चार नावं आमच्या घरात शुभंकरोतीसारखी पाठ करून घेतली जायची, आणि घेणारे अण्णा. त्यांचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, 1930 साली जुन्या मिलमध्ये नुकतेच लागलेले पंधरा वर्षांचे पोरगे होते. त्या वर्षी 12 मे ते जून अखेर गावात मार्शल लॉ. गांधी टोपी दिसली की धरत, म्हणून पणजोबांनी आपली टोपी ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवली. लॉ उठल्यावर काढली तर टोपीला किडे लागलेले. आमच्या घरात ‘लॉ’ हा शब्द पहिल्यांदा आला तो असा, बुटांच्या आवाजासकट. त्यामुळे 1963 मध्ये अण्णा बेळगावला जाऊन भरती होऊन आले तेव्हा पणजीने दोन दिवस चूल पेटवली नाही. तिच्या लेखी पलटणवाले म्हणजे ते तेव्हाचेच. पहिल्या रजेवर आले तर म्हणाली, बूट बोळाच्या तोंडाशी काढून ये. अण्णा हातात बूट धरून घरात आले. मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान, मोज्यांवर.

पुढे वकील झाल्यावर ते स्वतःच म्हणायचे, आपण आधी मार्शल झालो, मग लॉ. हा विनोद मी निदान दोनशे वेळा ऐकला असेल.

ट्रंक काळी, लोखंडी. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. कडी काढल्याबरोबर डांबराच्या गोळ्यांचा वास. वर वकिलीचा कोट, घडी अशी की बाहीने भाजी चिरता यावी. त्याखाली गळ्याचे पांढरे बँड, पलटणीच्या टोपीवरचा तुरा म्हणजे हॅकल, पितळ घासायच्या ब्रासोची रिकामी डबी, डिस्चार्ज बुक, 1986 पासूनच्या कोर्टाच्या डायऱ्या. तळाला मनिऑर्डरच्या पावत्यांचा पत्र्याचा डबा, आणि एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेली कोर्टाची नक्कल. घडीच्या रेघांवर कागद फाटलाय आणि मागून चिकटपट्टी लावलीय, ती पण पिवळी पडलीय.

दिवाणी दाव्याचा रोजनामा आहे. दर तारखेला काय झालं त्याची कारकुनाने केलेली एकदोन ओळींची नोंद. वाकड्या अक्षरात एका ओळीखाली अण्णांनी लाल पेन्सिलीने रेघ ओढलेली.

10 डिसेंबर 1971. प्र. क्र. 2 पुकारूनही गैरहजर. एकतर्फी चौकशीचा हुकूम.

प्रतिवादी क्रमांक दोन म्हणजे अण्णा. 10 डिसेंबर 1971 ला ते कुठे होते हे आमच्या घरात लहान पोरालाही माहीत आहे.

भोगी

सकाळपासून घरात बाजरीच्या भाकरीचा आणि तिळाचा वास. दुपारी सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या संमती कट्ट्यावर अक्षता. मी गेले नाही, पण वारा आमच्या बाजूचा होता. ‘एकदा भक्तलिंग हर्र’ ऐकू आलं की आजीचा हात आपोआप कपाळाला जातो, पिठाचा असला तरी. तो कागद मी तिच्यापुढे धरला. तिला अक्षर लागत नाही आता, पण कागद ओळखला.

“हे होय,” म्हणाली. “अंगठ्याचं.”

मग भाकऱ्या थापता थापता सांगितलं. मला हे घरात कुणीच सांगितलं नव्हतं.

पणजोबांची मोहोळ तालुक्यात चार एकर जिरायत होती, भावकीत सामायिक. ते वारल्यावर पणजी इथंच गावात राहिली, अण्णा पलटणीत. दर महिन्याला मनिऑर्डर यायची. पोस्टमन दारात बसायचा, पैसे मोजायचा, पणजीचा अंगठा शाईत बुडवून फॉर्मवर उमटवायचा, कुपनवर अण्णांनी लिहिलेल्या दोन ओळी वाचून दाखवायचा आणि चहा पिऊन जायचा. 71 च्या दिवाळीच्या आसपास एक दुसरा माणूस आला, तोही कागद घेऊन. यानेही अंगठा मागितला. पणजीने दिला. “आणि पैशे?” म्हणून विचारलं तर तो म्हणाला, पैसे नाहीत म्हातारे, हे कोर्टाचं आहे. चुलत भावाने शेतीवर दावा लावला होता, पणजी एक नंबर, अण्णा दोन नंबर. दोघांची समन्सं तिच्या हातात देऊन बेलिफ निघून गेला. आजी तेव्हा बाळंतपणाला माहेरी अक्कलकोटला. पणजीने ते कागद मनिऑर्डरच्या डब्यात ठेवले. अंगठा घेऊन दिलेला कागद तिथंच ठेवायचा, एवढंच तिला ठाऊक होतं.

“पैसे नसलेली मनिऑर्डर,” आजी म्हणाली आणि भाकरी उलटली.

मी डबा उघडून पाहिला. कुपनं सालवार लावलेली आहेत, ते अण्णांचं काम. ‘आई, तब्येत बरी आहे. पावसाच्या आत पत्रा बदलून घे.’ समन्सं नाहीत. ती अण्णांनी 72 मध्ये रजेवर आल्यावर एका वकिलाला दिली ती परत आली नाहीत.

आता 10 डिसेंबर. अण्णांची पलटण पहिली मराठा, जिला जंगी पलटण म्हणतात. त्या आठवड्यात, बांगलादेशच्या लढाईत, ती ब्रह्मपुत्रा ओलांडून तिथल्या जमालपूरच्या मागे जाऊन बसली होती. आत पाकिस्तानची 31 बलुच पलटण. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी धाडली, ती घेऊन जाणारा मुक्तिवाहिनीचा एक वयस्क माणूस. उत्तर आलं त्याच्याच हाती: पत्र, आणि पत्रात गुंडाळलेली एक गोळी. ही गोष्ट अण्णा हमखास रंगवायचे. वकील झाल्यावर त्यात एक वाक्य वाढलं, “एवढी आखूड कैफियत मी नंतर कुठल्या कोर्टात वाचली नाही.” 10 च्या रात्री बलुच जमालपूरमधून बाहेर पडायला निघाले आणि टांगाईलच्या रस्त्यावर दबा धरून बसलेल्या मराठ्यांच्या तोंडी आले. सकाळपर्यंत सगळं संपलं होतं. अण्णा त्या रात्रीबद्दल फार बोलत नसत. थंडी होती, चहा नव्हता, एवढंच. गोळीच्या चिठ्ठीवर यायचे आणि तिथेच गोष्ट संपवायचे.

तो शुक्रवार होता, मी मोबाइलवर काढून पाहिलं. म्हणजे अकरा-साडेअकराला इकडे पट्टेवाल्याने दारात उभं राहून अण्णांचं नाव तीनदा पुकारलं असणार.

संक्रांत

काही लिहायला सवड नाही. तिळगूळ, हळदीकुंकू, वाणाला प्लॅस्टिकचे डबे. होम बघायला पोरांना घेऊन गेले, चपला हरवल्या. धाकट्याची एक सापडली.

किंक्रांत

आज दारूकाम. अण्णांचा आवडता दिवस. होम मैदानावरचे बार गच्चीवरून ऐकत ते शेरे मारायचे, हा दोन इंची मॉर्टर, हा नुसता फुसका, कंत्राटदाराने खाल्ला. आज गच्चीवर आम्ही दोघीच होतो, आजी शाल गुंडाळून.

72 च्या रजेत काय झालं ते मी तिला विचारलं. वकिलाने फी घेतली आणि ‘आता काही होत नाही, नशीब समजा’ म्हणाला. अण्णांना पटलं. पलटणीत वाढलेला माणूस, वरच्याने नाही म्हटलं की नाही. चार एकर गेली. पणजीने त्यानंतर कुणालाच अंगठा दिला नाही. मनिऑर्डरसुद्धा शेजारणीच्या सहीने घ्यायला लागली, पोस्टमन कुरकुर करायचा.

अण्णांच्या वकिलीची सुरुवात मात्र पलटणीतच झाली, असं मला वाटतं. युनिटमध्ये समरी कोर्ट मार्शल असतं, त्यात कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायाधीश. आरोपीला शेजारी एक ‘मित्र’ बसवता येतो, असं आर्मी रूल्समध्येच लिहिलंय. मित्राने साक्षीदाराला प्रश्न विचारायचे नाहीत, कोर्टाशी बोलायचं नाही, फक्त आरोपीच्या कानात सांगायचं. रजा संपून वीस दिवसांनी परतलेल्या एका पोराने हवालदार असलेल्या अण्णांना मित्र म्हणून मागितलं. तो पोरगाही शेतीच्या भांडणात अडकला होता. पोराला शिक्षा व्हायची ती झालीच. पण “कायद्यात मित्र हा शब्द आहे” हे अण्णा आयुष्यभर असं सांगायचे की जणू त्यांनीच तो तिथे घातला.

1978 ला पंधरा वर्षं भरून घरी आले. एका बँकेत रात्रपाळीचे बंदूकधारी रखवालदार. बंदूक मांडीवर, पुस्तक बंदुकीवर. बी.ए. बाहेरून केलं, तेव्हा सोलापूर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होतं, इथलं विद्यापीठ 2004 चं. मग लॉ कॉलेजची तीन वर्षं, सकाळची. वर्गातल्या पोरांपेक्षा वीस वर्षांनी मोठे. पोरं त्यांना ‘काका’ म्हणायची आणि हजेरीला ते उभं राहून ‘हाजिर’ म्हणायचे. 1986 ला सनद मिळाली. सनद घ्यायची तर पगारी नोकरी सोडावी लागते. आजी म्हणते, “मी आठ दिवस बोलले नाही ह्यांच्याशी. भरल्या घरातला पगार सोडून काळा कोट.” आठ नव्हे, पंधरा दिवस, असं बाबा म्हणतात.

लॉ कॉलेजच्या लायब्ररीतच त्यांना ते सापडलं. 1925 चा इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट. इंग्रजांनी केलेला, अगदी बारका कायदा. शिपाई लढाईवर असेल तर त्याच्याविरुद्धचा दिवाणी दावा कोर्टाने थांबवून ठेवायचा. तरीही हुकूम झालाच असेल तर शिपायाला तो रद्द करून मागता येतो, आणि लढाईवर गेलेले दिवस मुदतीत धरायचे नाहीत. सगळं होतं. 1971 मध्ये होतं, 72 च्या रजेतही होतं. कोर्टात कोणी सांगितलं नाही, वकिलाला माहीत नव्हतं, पलटणीत कोणी विचारलं नाही. अण्णांना वाचायला मिळालं तोवर चार एकरावर चुलत भावाने विहीर पाडून ऊस लावला होता.

पुढे त्यांनी काही केलं का? नाही. “मुदत,” एवढंच म्हणाले. तो चुलत भाऊ सणावाराला आमच्याकडे यायचा, रसाची काकवी आणायचा, आणि अण्णा त्याला स्वतः उठून पाणी द्यायचे. मला अजून त्याचा राग येतो. काकवी चांगली असायची, हा भाग वेगळा.

खरं सांगायचं तर अण्णा मोठे वकील नव्हते. उलटतपास त्यांना जमला नाही. साक्षीदार खोटं बोलायला लागला की यांचेच कान लाल व्हायचे. न्यायाधीश बोलायला लागले की सावधान. घरात तर छळच, पलंगावरची चादर ताणलेली नसली तर सकाळी सहाला उठवून परत घालायला लावायचे. बाबांनी त्यापायीच पुण्यात नोकरी धरली असं आजीचं म्हणणं आहे.

पण माजी सैनिक यायचे. बार्शी, करमाळा, सांगोला. विधवा यायच्या. अपंगत्वाची पेन्शन नाकारलेले यायचे, ‘आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही’ हा ठरीव शेरा घेऊन. 2009 मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरण सुरू झालं, मुंबईला त्याचं खंडपीठ आलं. त्याआधी अशा माणसाला सरळ हायकोर्टाची पायरी. अण्णा वयाच्या पासष्टीत सिद्धेश्वर एक्स्प्रेसने पक्षकारांबरोबर जायचे, स्लीपरमध्ये, सगळ्यांच्या दशम्या आणि शेंगाची चटणी आजीने बांधलेली. 2013 ला सुप्रीम कोर्टाने धरमवीर सिंगच्या खटल्यात सांगितलं, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट आला असंच धरा, उलट सिद्ध करायचं ते सरकारने. त्या दिवशी त्यांनी निकाल मला मोठ्याने वाचायला लावला. मी सतरा वर्षांची, निम्मे इंग्रजी शब्द चुकले. प्रत्येक चुकलेल्या शब्दाला थांबवून ते परत म्हणायला लावत होते.

तेराव्याला कोर्टातला एक निवृत्त पट्टेवाला आला होता. मी त्याला ओळखत नव्हते. जेवताना त्यानेच सांगितलं. पुकारा झाला आणि पक्षकार आला नाही की अण्णा, दावा त्यांचा असो नसो, हातातले कागद टाकून बाहेर धावायचे. व्हरांडा, कँटीन, झेरॉक्सवाला, झाडाखाली बसलेली माणसं. “साहेब, माणूस आहे, आणतो,” असं दारातून ओरडून जायचे. एक-दोन न्यायाधीश चिडले, बाकीच्यांनी सवय करून घेतली. कुणी चहा पीत असायचं, कुणाला नाव नीट ऐकू आलेलं नसायचं, एखादी म्हातारी चुकीच्या मजल्यावर. दंडाला धरून आणायचे. “माझा घसा वाचायचा,” पट्टेवाला म्हणाला आणि ताकाचा दुसरा वाटा मागितला.

तेव्हा मला वाटलं होतं, पलटणीतली सवयच ती, फॉलिन म्हणून माणसं रांगेत उभी करवून घ्यायची.

साडेनऊला दारूकाम संपलं. आजी खाली उतरताना म्हणाली, तो कागद ट्रंकेत नको ठेवूस, त्याला कसर लागेल. मी विचारलं, मग कुठे? डब्यात ठेव, म्हणाली, कुपनांच्या मागे, 71 च्या.