साताऱ्याचा टनेल: १४२० वरून १४१२ वर

पुणे आणि सातारा येथील दोन घरांमधला वायरगार्ड टनेल (इंटरनेटवरून जाणारी कूटबद्ध खासगी जोडणी) आयपीव्ही६वर, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीवर, नेल्यापासून अडून बसलेला बॅकअप अखेर सुरळीत झाला आहे, म्हणून ही नोंद. दोन्हीकडच्या फायबर जोडण्या सीजीनॅटच्या (अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता वाटून देण्याची पद्धत) मागे असून राउटरला १००.६४.०.०/१० मधलाच, म्हणजे बाहेरून न गाठता येणारा, पत्ता मिळतो, आणि त्यामुळे आजवर मुंबईतला भाड्याचा एक व्हर्च्युअल सर्व्हर मध्यस्थ म्हणून पोसावा लागत होता. दोन्ही ठिकाणी आयपीव्ही६ मिळू लागल्यावर तो मध्यस्थ काढून टाकला. बदलणाऱ्या प्रीफिक्ससाठी (पत्त्याचा पुरवठादाराने दिलेला सुरुवातीचा भाग) डायनॅमिक डीएनएस (बदलता पत्ता एका नावाशी जोडून ठेवणारी सेवा) आणि वायरगार्डच्याच साधनांसोबत येणारी, नाव पुन्हा शोधणारी स्क्रिप्ट एवढ्यावर भागले, आणि त्या भागात काहीही त्रास झाला नाही.

त्रास त्यानंतर सुरू झाला. हँडशेक (दोन टोकांची परस्पर ओळख) वेळच्या वेळी होत होता, टनेलमधून पिंग जात होते, डीएनएसची उत्तरेही येत होती. मात्र एसएसएचची (दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरण्याची सोय) जोडणी लागून की एक्स्चेंजच्या, म्हणजे किल्ल्यांच्या देवाणघेवाणीच्या, पायरीवर गोठत असे, आणि बोर्ग हे बॅकअपचे साधन एसएसएचवरूनच चालत असल्याने बॅकअप सुरूच होत नसे. दोन्ही टोकांचे फायरवॉल नियम तपासले, ते निर्दोष निघाले. पुरवठादार यूडीपीचा (वायरगार्ड ज्यावर चालतो तो प्रोटोकॉल) गळा आवळत असावा, ही शंकाही आयपर्फ या वेग मोजणाऱ्या साधनाने छोट्या पॅकेटांवर फेटाळली. उलगडा झाला तो दोन्हीकडे एकाच वेळी टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटे दाखवणारे साधन) लावल्यावर: पुण्याहून १४५२ लांबीची यूडीपी पॅकेटे निघताना दिसत होती आणि साताऱ्याला त्यांतले एकही पोहोचत नव्हते, तर लहान पॅकेटे बिनबोभाट पोहोचत होती.

यापुढचा हिशोब कागदावरचा आहे. वायरगार्डचा नेहमीचा एमटीयू (एका पॅकेटाची कमाल लांबी) १४२० बाइट. आयपीव्ही४वर त्यात २० आयपीचे, ८ यूडीपीचे आणि ३२ वायरगार्डचे असे ६० बाइट वाढून १४८० होतात, आणि पीपीपीओई (पुरवठादाराशी लॉगिन करून जोडणी लावण्याची पद्धत) इथरनेटच्या १५०० बाइटांतून स्वतःसाठी ८ बाइट घेत असल्याने उरणाऱ्या १४९२ मध्ये ते आरामात बसतात. म्हणूनच मुंबईच्या मध्यस्थामार्गे सर्व काही ठीक चालले होते. आयपीव्ही६चा हेडर ४० बाइटांचा असल्याने हीच बेरीज नेमकी १५०० होते. इथरनेटवर हे चालते, पीपीपीओईवर ८ बाइट जास्त ठरतात. आयपीव्ही६मध्ये वाटेतला राउटर पॅकेटचे तुकडे करीत नाही. त्याने पाठवणाऱ्याला ‘पॅकेट टू बिग’ हा आयसीएमपीव्ही६ संदेश द्यायचा असतो. पुरवठादाराने दिलेला राउटर तो संदेश पाठवतच नाही. ना पोहोचलेले, ना ‘पत्ता अपूर्ण’ असा शेरा मारून परत आलेले टपाल, अशी त्या पॅकेटांची गत होती. तुकडे करण्यास मनाई करून पिंग लावले, तेव्हा १४४४ बाइटांचा पेलोड पार झाला आणि १४४५चा नाही. त्यात आयपीव्ही६चे ४० आणि आयसीएमपीव्ही६चे ८ असे ४८ मिळवले की १४९२ येतात. इतका स्वच्छ आकडा पाहून जो आनंद झाला, तो कार्यालयातल्या कुठल्याही डॅशबोर्डाने मला आजवर दिलेला नाही.

हे घरात इतर कुणाच्या लक्षात का आले नाही, याचे उत्तर मला मूळ दोषाहून अधिक रोचक वाटते. टीसीपीच्या जोडण्यांमध्ये राउटर एमएसएस (एका पॅकेटात जाणाऱ्या टीसीपी मजकुराची कमाल लांबी) परस्पर कमी करतो, त्यामुळे संकेतस्थळे उघडतात. क्विक हा वेबचा नवा प्रोटोकॉल यूडीपीवर चालत असला तरी १२०० बाइटांपासून सुरुवात करून मोठा आकार स्वतः चाचपतो, त्यामुळे व्हिडिओही चालतात. वायरगार्ड यांपैकी काहीच करीत नाही. त्याच्या साधेपणासाठीच मी तो निवडला आहे, तेव्हा याबद्दल तक्रार नाही.

उपाय एका ओळीचा ठरला: दोन्ही टोकांना एमटीयू १४१२. वायरगार्ड मजकूर १६च्या पटीत भरून घेतो म्हणून काही जण १४०८ पसंत करतात. मला त्यात फरक जाणवला नाही. टनेलमधून पलीकडे जाणाऱ्या घरातल्या इतर यंत्रांसाठी एनएफटेबल्समध्ये (लिनक्सचे फायरवॉल) एमएसएस मार्गाच्या एमटीयूप्रमाणे बसवणारा नियमही जोडला. कार्यालयात नेटवर्क वेगळ्या चमूकडे असल्याने एवढ्या बदलासाठी तिकीट, मंजुरी आणि चेंज विंडो लागली असती. घरी ते दोन चहांच्या मधल्या वेळेत झाले, आणि त्याच रात्री बोर्गने साताऱ्याच्या डिस्कवर पूर्ण आर्काइव्ह लिहिले.

असा बिघाड पुन्हा लपून राहू नये म्हणून स्मोकपिंग या विलंब मोजून आलेख काढणाऱ्या साधनात साताऱ्याच्या एकाच पत्त्यासाठी दोन लक्ष्ये ठेवली आहेत, एक नेहमीच्या आकाराचे आणि एक १४४४ बाइटांचे. आरआरडीटूल हे आलेखांचे साधन लिहिणाऱ्या टोबी ओटिकर यांचेच हे साधन आता जुनाट दिसते, पण विलंबाचा विखुरलेपणा त्याच्या धुरकट आलेखात जसा एका नजरेत कळतो तसा ग्राफाना या डॅशबोर्ड प्रणालीच्या चकचकीत पटलांवर मला अजून दिसलेला नाही.

पुढचा बेत साताऱ्याला दुसरी डिस्क लावून मिरर करण्याचा होता. तो आता मागे पडेल. मूळ दुखणे राउटरमध्ये असल्याने फायबरचे यंत्र ब्रिज मोडमध्ये (राउटरचे काम न करता पॅकेटे नुसती पुढे देणारी अवस्था) टाकून पीपीपीओई स्वतःच्या एका ओपनडब्ल्यूआरटीच्या (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) पेटीवर घ्यावे, असे ठरवीत होतो. ती पेटी लिनक्सवर चालत असल्याने ‘पॅकेट टू बिग’ तरी नीट पाठवील. हे लिहीत असतानाच दुसरा मार्ग सुचला: पेटी हाती आली की राउटर ॲडव्हर्टाइजमेंटमधूनच (राउटरने घरातल्या जाळ्यावर पाठवायची आयपीव्ही६ची सूचना) घरातल्या सर्व यंत्रांना १४९२चा एमटीयू जाहीर करता येईल, म्हणजे १५००चे पॅकेट मुळात तयारच होणार नाही. त्यासाठी दोन इथरनेट पोर्ट असलेली जुनी छोटी पेटी हवी आहे. कार्यालयांतून निघालेले एका पोर्टाचे मिनी पीसी स्वस्त मिळतात, पण त्यांना यूएसबीचे नेटवर्क कार्ड जोडून राउटर करण्यावर माझा विश्वास नाही. शनिवारी पुण्याच्या तपकीर गल्लीत एक फेरी मारणार आहे. तिथे पेटी मिळाली नाही, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारात शोधेन.