जेवतोय ना, मग दुखत नसेल

"डॉक्टर, जेवण तर अगदी व्यवस्थित चाललंय त्याचं. मग दात कसे दुखत असतील?"

कुत्र्याचा वरचा ओठ उचलून आतली दाढ दाखवली की समोरून बहुतेक वेळा हाच प्रश्न येतो. तो मनापासून विचारलेला असतो. ज्याला आपण रोज अंगाखांद्यावर खेळवतो, त्याचं दुखणं आपल्याला कळलं नाही हे पटायला जड जातं. पण कुत्री-मांजरं दात दुखतो म्हणून सहसा खाणं सोडत नाहीत. ती एका बाजूने चावतात, घास न चावता गिळतात, दोरी ओढायचा खेळ हळूहळू टाळायला लागतात, तोंडाला हात लावू देत नाहीत. मुळाशी पू साठलेला असताना ताटली चाटूनपुसून साफ करणारे कुत्रे माझ्या टेबलावर नेहमी येतात. आजारी दात काढल्यावर काही दिवसांनी तेच मालक येऊन सांगतात, "हा परत पिल्लासारखा खेळायला लागलाय. आम्हाला वाटलं होतं, वय झालं." हे वाक्य ऐकलं की बरं वाटतं आणि वाईटही वाटतं, कारण त्या 'वय झालं' मध्ये कितीतरी महिन्यांचं ठणकणं गेलेलं असतं.

मी जनावरांची डॉक्टर, माझा धाकटा भाऊ माणसांचा दंतवैद्य. आम्ही भेटलो की घरातल्यांना जेवणाच्या टेबलावरून उठून जावंसं वाटेल अशा विषयांवर बोलतो. एकदा तो म्हणाला, "ताई, माझा पेशंट निदान बोट ठेवून सांगतो इथे दुखतंय. तुझं अवघड आहे." तेव्हापासून एक विचार मनात घोळतोय. आपल्या दातांबद्दल आणि हिरड्यांबद्दल आपल्याला आज जे खात्रीने माहीत आहे, त्यातलं बरंचसं ज्यांना तक्रार करता येत नव्हती अशांच्याच तोंडातून आलेलं आहे.

हिरड्यांपासूनच सुरुवात करते. 1965 साली हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधल्या आरहूस इथे निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. त्यातले बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर सगळ्यांच्या पूर्ववत झाल्या. दातांवर साचणारा जिवाणूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक, हेच हिरड्या सुजण्याचं कारण आहे, हे इतक्या सरळपणे सिद्ध झालं. पण पुढचा प्रश्न माणसांवर तपासता येणार नव्हता. ही सूज तशीच राहू दिली तर दाताभोवतीचं हाड झिजतं का? म्हणजे ज्याला आपण पायोरिया म्हणतो, तो यातूनच होतो का? कुणाला वर्षानुवर्षं दात घासू नका असं सांगून हाड झिजण्याची वाट बघणार?

मग बीगल जातीचे कुत्रे आले. यान लिंडे आणि त्यांच्या गटाने 1975 साली चार वर्षं चाललेला अभ्यास प्रसिद्ध केला. कुत्र्यांचे दोन गट होते. एका गटाचे दात दिवसातून दोनदा घासले जात, दुसऱ्या गटाचे अजिबात नाही. घासलेल्यांच्या हिरड्या चार वर्षांनंतरही निरोगी होत्या. न घासलेल्यांच्या हिरड्या आधी सुजल्या आणि पुढे त्यांतल्या बहुतेकांच्या दाताभोवतीचा आधार सुटत गेला, हाड खाली गेलं. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आजही हा अभ्यास शिकवतात. माझा भाऊही तो शिकला.

मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. रोज ब्रश केला तर कुत्र्याला पायोरिया होत नाही, हे तेव्हाच, कुत्र्यांवरच सिद्ध झालं होतं. ते ज्ञान आपण उचललं, आपल्या हिरड्यांसाठी वापरलं, आणि कुत्र्याचा ओठ मात्र उचलून बघितला नाही. माझ्याकडे येणाऱ्या कुत्र्यांपैकी ज्यांचे दात घरी रोज घासले जातात असे फार थोडे.

दात किडण्याची गोष्टही अशीच. 1954 साली ऑरलंड यांच्या गटाने पूर्णपणे जंतुरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांना भरपूर साखर असलेला आहार दिला. एकाही दाताला कीड लागली नाही. तोच आहार नेहमीच्या वातावरणातल्या उंदरांना दिला तर दात किडले. म्हणजे नुसती साखर पुरेशी नाही, जिवाणू हवेतच. 1960 मध्ये पॉल कीज यांनी हॅमस्टरवर त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. ज्या पांढऱ्या हॅमस्टरचे दात कधी किडत नसत, त्यांना किडक्या दातांच्या हॅमस्टरबरोबर एका पिंजऱ्यात ठेवलं, आणि त्यांचेही दात किडू लागले. कीड एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते हे तिथे दिसलं.

आणि मग स्वीडनमधलं विपेहोल्म. हे लिहिताना मला प्रत्येक वेळी थांबावं लागतं. 1940 च्या दशकात बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांच्या त्या संस्थेत रहिवाशांना मुद्दाम चिकट गोड पदार्थ दिले गेले, दात कसे किडतात हे पाहण्यासाठी. संमती विचारलीच गेली नाही. साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली आणि दातांना किती वेळ चिकटून राहिली हे जास्त महत्त्वाचं, हा आज प्रत्येक आईबाबांना दिला जाणारा सल्ला त्या लोकांच्या किडलेल्या दातांवर उभा आहे. तो सल्ला बरोबर आहे, म्हणून तो पाळायचाच. पण तो कुठून आला हेही माहीत असायला हवं. संशोधनाच्या नैतिकतेची चर्चा होते तेव्हा विपेहोल्मचं नाव अजून निघतं, आणि निघत राहावं.

कुत्र्याचे दात मात्र आपल्यासारखे सहजी किडत नाहीत. त्याची लाळ आपल्यापेक्षा अल्कधर्मी असते, बरेचसे दात टोकदार असतात, त्यामुळे आम्लाला तळ ठोकून बसायला जागा कमी मिळते. पण त्याच लाळेमुळे प्लाकमध्ये क्षार लवकर बसतात आणि त्याचं टणक किटण होतं. त्यामुळे त्याचा दात वरून शाबूत दिसतो आणि खालून सुटत जातो. दोघांच्या तोंडातली वस्तीही वेगळी आहे. 2012 साली कुत्र्यांच्या तोंडातल्या जिवाणूंची मोठी जनुकीय नोंद झाली. तिच्यात 353 प्रकार सापडले आणि त्यांतले जेमतेम 16 टक्के माणसाच्या तोंडातल्या प्रकारांशी जुळले. आपल्या पायोरियात पॉर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा जिवाणू सापडतो, कुत्र्यात त्याचा भाऊबंद पॉर्फायरोमोनास गुले. जिवाणू बरेचसे वेगळे, पण हाड झिजवण्याची रीत तीच. झिजण्यामागे जिवाणूंइतकाच शरीराचा त्यांच्याविरुद्धचा दाह कारणीभूत असतो, आणि तो दोन्हीकडे सारखाच चालतो.

आता मी रोज ज्या अडचणीशी झगडते त्याबद्दल. ब्रिटनमधल्या नेहमीच्या दवाखान्यांतल्या नोंदींवरून 2021 साली एक मोठा अभ्यास आला. वर्षभरात साधारण 12.5 टक्के कुत्र्यांना हिरड्यांच्या आजाराचं निदान झालेलं होतं. भूल देऊन, हिरडीखाली प्रोब म्हणजे तपासणीची बारीक सळई फिरवून, एक्स-रे काढून केलेल्या अभ्यासांत मात्र हाच आकडा 40 टक्क्यांच्या वर जातो. या दोन आकड्यांच्या मधले सगळे कुत्रे कुठे आहेत? घरी, जेवतायत. जाग्या कुत्र्याच्या तोंडात डॉक्टरला दाताचा वरचा भाग दिसतो, आणि आजार तर हिरडीच्या खाली असतो.

म्हणूनच भूल न देता दात साफ करून देण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. दिसणारं किटण खरवडलं जातं, दात पांढरे होतात, मालक खूश होतात. हिरडीखालचा थर तसाच राहतो, एक्स-रे निघत नाही, आणि घाबरलेलं जनावर दाबून धरलेलं असतं ते वेगळंच. भुलेची भीती मला समजते, विशेषतः म्हाताऱ्या जनावरांच्या बाबतीत. रक्त तपासून, हृदय ऐकून, नळी घालून, शेवटपर्यंत लक्ष ठेवून दिलेल्या भुलेचा धोका कमी करता येतो. वर्षानुवर्षं मुरलेल्या पुवाचा करता येत नाही.

मांजरांचं दुखणं याहून लपलेलं असतं. त्यांच्यात दात विरघळण्याचा एक आजार खूप आढळतो. शरीराच्याच पेशी दाताचं मूळ कुरतडायला लागतात आणि त्या जागी खड्डा पडतो किंवा हाड भरतं. वरून बघाल तर हिरडीच्या कडेला एक छोटासा लालसर ठिपका. भूल दिलेली असतानाही तिथे प्रोब टेकवला की मांजराचा जबडा थरथरतो. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझा हात तिथेच थांबला होता. इतकं अभ्यासूनही याचं मूळ कारण अजून हाती आलेलं नाही. उपचार म्हणजे तो दात काढणं, किंवा मूळ हाडात विरघळून गेलेलं एक्स-रेत दिसलं तर फक्त वरचा भाग काढणं. एक्स-रेशिवाय हा निर्णय घेताच येत नाही.

दातदुखी जनावराचं वागणं किती बदलू शकते, याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण केनियातल्या त्साव्होचे दोन नरभक्षक सिंह. 1898 साली रेल्वेच्या पुलाच्या कामावरच्या मजुरांना त्यांनी मारलं. त्यांच्या कवट्या शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहेत. त्यांतल्या एकाचा सुळा तुटलेला होता आणि त्याच्या मुळाशी गळू झालेलं होतं. 2017 साली लॅरिसा डीसँटिस आणि ब्रूस पॅटरसन यांनी त्या दातांवरच्या सूक्ष्म ओरखड्यांचा अभ्यास केला. हाडं फोडणाऱ्या सिंहाच्या दातांवर दिसतात तशा खुणा तिथे नव्हत्या, प्राणिसंग्रहालयात मऊ अन्न खाणाऱ्या सिंहासारख्या होत्या. हाडांतल्या समस्थानिकांच्या, म्हणजे प्राण्याने काय खाल्लं याचा माग देणाऱ्या अणूंच्या प्रकारांच्या, आधीच्या अभ्यासानुसार दोघांपैकी माणसं जास्त खाल्ली ती याच सिंहाने. म्हशीला सुळ्यांनी धरून ठेवणं त्याला जमेनासं झालं असावं, असं संशोधकांना वाटतं. दुसऱ्या सिंहाचे दात इतके वाईट नव्हते, म्हणून एवढंच कारण मानता येणार नाही. तरी तो जबडा मला विसरता येत नाही. इतक्या दुखण्यातही तो प्राणी खात होताच.

"तोंडातल्या जिवाणूंमुळे स्मृतिभ्रंश होतो का?" हा प्रश्न भावाला आणि मला दोघांनाही विचारला जातो. 2019 साली अल्झायमर झालेल्यांच्या मेंदूत पायोरियातल्या त्याच जिंजिव्हॅलिस जिवाणूचे अंश सापडल्याचा शोधनिबंध आला आणि बराच गाजावाजा झाला. त्या जिवाणूविरुद्धच्या औषधाची मोठी चाचणी 2021 मध्ये मुख्य उद्दिष्टात अपयशी ठरली. सोबत आढळणं आणि कारण असणं यांत मोठं अंतर असतं. मधुमेहाचं तसं नाही. मधुमेहात हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्या बऱ्या केल्या तर साखर थोडी आटोक्यात यायला मदत होते, याला भक्कम आधार आहे. भाऊ आपल्या मधुमेही पेशंटच्या हिरड्या हट्टाने तपासतो, ते यासाठीच.

आता घरी काय करायचं ते. रोज ब्रश, कारण प्लाकचं किटण व्हायला दोन-तीन दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा घासून फारसं साधत नाही. सुरुवातीला नुसतं बोट हिरडीवर फिरवायचं, लाड करायचे, थांबायचं. सवय झाली की मऊ ब्रश. फक्त बाहेरची बाजू घासली तरी पुष्कळ, तोंड उघडायला लावायची गरज नाही. वरच्या मागच्या दाढांकडे जास्त लक्ष द्या, किटण तिथे आधी बसतं. माणसांची टूथपेस्ट कधीच नाही. काहींत झायलिटॉल नावाचा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असतो, त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर धोकादायक इतकी खाली जाते. शिवाय कुत्रा चूळ भरत नाही, फ्लोराइड सगळं पोटात जातं. चघळायला जे द्याल त्यावर आधी स्वतःचं नख दाबून बघा. नखाची खूण उमटत नसेल इतकं ते टणक असेल तर देऊ नका, वरच्या मोठ्या दाढेचा कपचा उडतो.

आणि एक गोष्ट खास लक्षात ठेवा. कुत्र्याच्या डोळ्याच्या जरा खाली एकाएकी सूज आली किंवा तिथून पू वाहू लागला, तर बहुतेक जण डोळ्याचे थेंब घालतात. सूज उतरते, काही आठवड्यांनी परत येते. त्या जागेच्या बरोबर आत वरच्या मोठ्या दाढेची मुळं असतात. तिला तीन मुळं असतात आणि त्यांतलं एखादं पिकलं की सूज तिथे दिसते. थेंब बाजूला ठेवा आणि आधी त्या दाढेचा एक्स-रे काढून घ्या, कुत्रा अगदी पोटभर जेवत असला तरी.