व्हाळातल्या बुरशी: खाण थांबू दे, आधी मोरचूद

गोव्यातल्या सत्तरीतल्या आपल्या ‘बऱ्या’ व्हाळाचा (ओढ्याचा) फेस रिकामा का निघतो, म्हणजे पाण्यात पडलेली पानं कुजवणाऱ्या बुरशींचे बीजाणू त्यात का सापडत नाहीत, ते कोडं सुटायला लागलंय. पिसुर्ल्याच्या लोहखाणीखालचं पाणी ताडून बघायला हाच व्हाळ धरला होता. इथेच बीजाणू नसतील तर तुलना कशाशी करायची? फेस रिकामा निघाल्याचं मागच्या नोंदीत लिहिलं, तेव्हा काहींनी पुराकडे बोट दाखवलं. पूर पानं वाहून नेतो हे खरं, पण त्याच पावसात कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) वरच्या अंगाला लुन्युलोस्पोरा या बुरशीच्या चंद्रकोरी आणि ट्रायसेलोफोरसचे चारटोकी बीजाणू स्लाइडभर होते. कुळागराखाली अँग्विलोस्पोरा बुरशीचा एखादाच बीजाणू. मधलं अंतर हाकेचं.

या हाकेच्या अंतरात पोफळी आहेत आणि पोफळींवर कोळेरोगासाठी (सुपारी कुजवणारा रोग) बोर्डो हे बुरशीनाशक मारतात. एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना. मोरचुदाच्या वजनाचा चौथा हिस्सा तांबं. चुन्यामुळे ते घोसाला धरून राहतं आणि पावसाने थोडं थोडं सुटतं. त्यात आपल्या जांभ्या दगडातलं पाणी मृदू. कॅल्शियम कमी, त्यामुळे तेवढंच तांबं इथे जास्त बाधतं.

खरं चकवलं ते पानांनी. कुळागराखालची करंजाची पानं छान मऊ पडली होती, सूक्ष्मदर्शकाखाली तंतूही भरपूर. बुरशी जगतेय, पान खातेय, फक्त बीजाणू धरत नाही. धातूंचा पहिला घाव नेमका तिथे बसतो; तंतूंची वाढ बरीच पुढपर्यंत तग धरते. नुसतं पान किती कुजलं ते मोजलं असतं तर हा व्हाळ ठणठणीत ठरला असता. पण खालच्या नव्या पानांवर बुरशी पोचते ती मुख्यतः बीजाणूंनीच, आणि पानं खाणाऱ्या किड्यांना बुरशीने मऊ केलेलं पान जास्त रुचतं.

घरी ताडून पाहिलं. वरच्या अंगाच्या पानांच्या चकत्या, बीकर, माशांच्या टाकीचा एरेटर. 1 ग्रॅम मोरचूद 1 लिटरमध्ये, त्यातला 1 मिलिलिटर पुन्हा 1 लिटर व्हाळाच्या पाण्यात, म्हणजे तांबं लिटरमागे साधारण 0.25 मिलिग्रॅम. मग दोन्ही पाणी गाळलं. साध्या पाण्याच्या फिल्टरवर बीजाणूंची दाटी, मोरचुदाच्या फिल्टरवर शोधावे लागतील इतके. कॉटन ब्लू या रंगात न्हालेली एक कॅम्पिलोस्पोरा तर इतकी सुबक आली की रात्री उशिरापर्यंत तिच्यावरून नजर हटेना. (कॉटन ब्लूच्या नव्या बाटलीत तळाशी खडे होते. गाळूनच वापरा.) मत्स्यपालनाचं तांब्याचं किट मात्र या कामाला घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. एवढ्या मात्रेला जेमतेम फिकट छटा येते, आणि त्यातलं किती तांबं बुरशीला बाधणारं, हे कळतच नाही.

पुढचा बेत व्हाळात ठेवलेल्या पानांच्या पिशव्यांपैकी वरच्या अर्ध्या खाली हलवायचा आणि खालच्या वर आणायचा. लिहिता लिहिता विऱ्या (पोफळीच्या झावळीचे रुंद बुंधे) आठवल्या! फवारलेल्या पोफळीच्या विऱ्या व्हाळात पडतात, म्हणजे तांबं पाण्यासोबत खाद्यातूनही येत असणार. तेव्हा फवारलेली आणि न फवारलेली विरी, दोन्हींच्या चकत्या एकाच पाण्यात ठेवून बघणं आधी.

आणि तो एकटा अँग्विलोस्पोरा वेगळा काढून वाढवायचाय. जर्मनीत मान्सफेल्डच्या जुन्या तांबेखाणींच्या परिसरात, धातूंनी भरलेल्या पाण्यातही या बुरशी सापडल्या. मंगळूर विद्यापीठाचे के. आर. श्रीधर त्या कामात होते. पाण्यातली हेलिस्कस ही बुरशी कॅडमियम या धातूला गंधकयुक्त पेप्टाइडांनी बांधून ठेवते. आपला हा गडीही तसाच सोशिक आहे का, हे वरच्या अंगाच्या भावंडाशेजारी त्याच मोरचुदात वाढवल्यावरच कळेल.

खाणीचा लाल गाळ त्यानंतर. तिथे लोह-मँगनीज बाधतं की पानावर बसलेला थरच, हे वेगळं करायला कुंभाराची बारीक पांढरी माती धुऊन तुलनेला घेणार आहे. खात्रीची माती कुठे मिळते ते माहीत असेल तर कळवा.