बुटाचा खोका

जुलैतला रविवार. तीन दिवस पाऊस नुसता आडवा मारत होता. ऐरोलीला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये वॉचमन टॉर्च घेऊन ओणवा झाला होता. "मॅडम, वटवाघूळ आहे का बघा ना."

स्कूटरच्या चाकाआड एक काळपट पाखरू. बुलबुलाएवढंच, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. चालायला जायचं आणि घोट्यांवर बसकण मारायचं. चोचीवर एक बारीकशी नळी. आणि बोटांमधला पडदा चक्क पिवळा! या पिवळ्या पडद्यावरूनच मग ओळख पटली. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल, एक समुद्रपक्षी. बुटाच्या खोक्यात टॉवेल अंथरून त्याला आत ठेवलं.

फ्लेमिंगो आम्हा नवी मुंबईकरांना तोंडपाठ. चौकाचौकात त्यांचे पुतळेही आहेत. याचं मात्र नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. वजन ३५-४० ग्रॅम, म्हणजे जेमतेम दोन पेढे. आणि माहेर अंटार्क्टिकाचं! तिकडच्या खडकांच्या फटीत वर्षाला एकच अंडं घालायचं, स्कुआसारखे दांडगे पक्षी टपलेले असतात म्हणून बिळाशी रात्रीच यायचं. तिकडे हिवाळा लागला की विषुववृत्त ओलांडून वर सरकायचं. काही आपल्या अरबी समुद्रातही येतात, ऐन पावसाळ्यात. जमिनीशी संबंध काय तो विणीपुरता, म्हणून पायांना चालायची सवयच नाही. पाणी समुद्राचंच पितात. जास्तीचं मीठ त्या नळीतून थेंबाथेंबाने गळतं. (टँकरची वाट बघणाऱ्या आमच्या सोसायटीने याचा हेवा करावा.)

दिवा कोळीवाड्यातले आमचे ओळखीचे काका बरीच वर्षं ट्रॉलरवर होते. जून-जुलै मासेमारी बंद, त्यामुळे घरीच सापडले. खोक्यात डोकावले आणि हसलेच. खोल समुद्रात जाळं ओढताना ही पाखरं बोटीमागे नाचतात म्हणे. त्यांनी हाताने करून दाखवलं: तळवा वाऱ्यावर तरंगत ठेवला आणि दोन बोटांनी टेबलावर टपटप, टपटप. पंख पसरून वाऱ्यावर रेलायचं, पाय पाण्यावर आपटत पुढे जायचं आणि वर आलेला बारीक जीव टिपायचा. काकांच्या बोटांचा तो नाच मी नंतर आरशासमोर करून बघितला. जमला नाही.

सेक्रेटरींना वेगळीच काळजी: "कबुतरासारखा इथेच राहायचा नाही ना?"

दुपारी एक पक्षिमित्र येऊन त्याला घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला: 'सोडलं. उडालं.'

खोका मी फेकून दिला, पण आतला टॉवेल चांगला होता. या पक्ष्यांच्या अंगाला उग्र, कस्तुरीसारखा वास असतो. संग्रहालयात पेंढा भरून ठेवलेल्यांनाही तो वर्षानुवर्षं येत राहतो. टॉवेल तीनदा धुतलाय. कपाट उघडलं की नवरा अजून विचारतो, "काय गं, काय जळतंय का?"